अवरेच्या हंगामात आफ्रिका

परवा सकाळी दूध आणायला खाली उतरले आणि गल्लीच्या तोंडाशीच थबकले. रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून अवरेकाईचे हिरवेगार ढीग ओतलेले. ढिगामागची बाई कानटोपी घालून शेंगा वरखाली करत होती आणि तो वास, थंडीतला, तेलकट, बोटांना दिवसभर चिकटून राहणारा अवरेचा वास थेट नाकात शिरला. पुण्यामुंबईच्या माणसांना अवरे म्हटलं की कळत नाही. पावट्याच्या कुळातली शेंग आहे. डिसेंबर-जानेवारीत येते, आणि आली की आमचं बंगळूर दोन महिने दुसऱ्या कशाकडे बघत नाही. उपम्यात अवरे, आमटीत अवरे, भातात अवरे. मी दोन किलो घेतल्या. बाई म्हणाली, "अम्मा, अजून एक किलो घ्या, दाणा बघा कसा भरलाय." घेतल्या. पिशवी उचलली आणि चामराजपेटच्या त्या गर्दीत, रिक्षांच्या पोंपोंमध्ये, मला झेब्रे आठवले.

हसू नका. गेल्या वर्षी याच हंगामात, याच शेंगा सोलता सोलता, मी आफ्रिकेतलं मिठाचं मैदान बघायला जायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, भांडून, रडून आणि शेवटी एक फार मोठा मूर्खपणा करून ठरवलं. तेव्हापासून हा वास आला की माझी मान आपोआप ताठ होते.

आमचं घराणं बंगळूरचंच. पूर्वज कधी आणि कुणाच्या फौजेबरोबर आले ते आता कुणालाच नीट सांगता येत नाही. घरात मराठी बोलतो, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलंय की पुण्याची माणसं ऐकून गालात हसतात. सव्वीस वर्षं मी घड्याळाच्या कारखान्यात नोकरी केली. सकाळी कंपनीची बस यायची, यशवंतपूर ओलांडून पुढे जायची, आणि आम्ही पन्नास-साठ बायका पांढरे कोट घालून ओळीत बसायचो. उजव्या डोळ्याला भिंग, हातात चिमटा, समोर तिळापेक्षा लहान स्क्रू. शिंक आली तर तोंड फिरवून द्यायची, नाहीतर अख्खं घड्याळ उडून जायचं. जागेवरून उठायचं तर हात वर करून सुपरवायझरला विचारायचं. विचारायची सवय मला तशी नवी नव्हती. माहेरी बाबांना विचारायचं, सासरी सासूबाईंना, मग आमच्या ह्यांना. "जाऊ का?" हे दोन शब्द मी जेवढ्या वेळा बोलले असेन तेवढ्या वेळा स्वतःचं नावसुद्धा उच्चारलं नसेल.

मग कारखाना बंद झाला, सासूबाई गेल्या, मुलाचं, प्रसादचं लग्न झालं आणि माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "लेन्स जवळची बसवू की लांबची? जवळची बसवली तर वाचायला चष्मा लागणार नाही. लांबची बसवली तर लांबचं लख्ख दिसेल."

हे शेजारी बसले होते. "जवळचीच बसवा," हे म्हणाले. "हिला वाचायचं असतं, निवडाटिपायचं असतं. लांबचं बघून काय करायचंय?"

"लांबची बसवा," मी म्हणाले.

ह्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मी सुद्धा चमकलेच होते. डोळा माझा, पण त्याबद्दल बासष्ट वर्षांत मी पहिल्यांदाच परस्पर बोलले होते.

गंमत अशी, की लांबचं दिसायला लागलं आणि लक्षात आलं, आमच्याकडे लांब असं काही नाहीच! गच्चीवर गेले तर समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी, टाकीवर कावळा, कावळ्यामागे आणखी एक टाकी. जिकडे बघावं तिकडे भिंत. नवा कोरा डोळा घेऊन मी आठवडाभर टाकीच बघत बसले. एके दिवशी दुपारी टीव्ही लावला तर पडद्यावर पांढरीशुभ्र जमीन. झाड नाही, डोंगर नाही, घर नाही. जमीन जाते जाते आणि आभाळाला टेकते. त्या पांढऱ्यावरून झेब्र्यांची एक लांबच लांब रांग निघाली होती, धुळीत पाय बुडवत, कुणाला न विचारता. बोत्सवाना देश, मकगडीकगडी मैदान. पूर्वी तिथे तळं होतं म्हणे, ते आटलं आणि मीठ राहिलं. माझ्या मांडीवर अवरेचं ताट होतं. अर्धा तास मी एकही शेंग सोलली नाही.

"अहो," मी म्हणाले, "मला हे बघायचंय."

"बघतेच आहेस की."

"इथे बसून नव्हे. तिथे जाऊन."

ह्यांना नाव दोनदा म्हणून बघता आलं नाही. "ज्या गावाचं नाव घेता येत नाही तिथे जायचं? स्वल्प विचार कर गं." मग सिंह आले, साप आले, माझं बीपी आलं. प्रसादला फोन गेला. तो बिचारा म्हणाला, "आई, सिंगापूरचं पॅकेज घेऊन देतो ना, व्हेज जेवण असतं, सगळं क्लीन असतं." मी म्हटलं, "बाळा, सिंगापुरात टाक्या नाहीत का?" त्याला काही कळलं नाही. पैशाचा प्रश्न नव्हता, कारखान्याचे मिळालेले माझे मी बाजूला ठेवले होते. प्रश्न एवढाच होता की हे येणार नव्हते. विमानात हे पाऊल ठेवत नाहीत. आणि ह्यांच्याशिवाय मी शेजारच्या तुमकूरच्या पुढे कधी गेले नव्हते.

तरी मी शोध घेतला. जयनगरात दीपा नावाची एक मुलगी आहे, ती बायकांचे लहान लहान गट जंगलांत घेऊन जाते. आठ बायका, दोन जीप, तंबूत दोघीदोघींनी राहायचं. मे महिन्याच्या शेवटी निघायचं. मी तिला रोज एक प्रश्न विचारायचे. मे म्हणजे उन्हाळा ना? नाही आंटी, तिकडे तेव्हा हिवाळा सुरू होतो, स्वेटर आणा. झेब्रे असतील? असतील, नदीकडे परतत असतात. हत्ती? तेही. सिंह? आंटी, सिंहाला मी सांगून ठेवू शकत नाही. मला ती मुलगी फार आवडली. मी वहीत दिवसांचे रकाने आखले, प्रत्येक दिवस तासातासाने मांडला. आमच्या लाइनीत काम केलेल्या बाईला रकाने आखल्याशिवाय चैन पडत नाही.

आता त्या मूर्खपणाचं सांगते. शुक्रवार होता. मूठभर होतील म्हणून आदल्या रात्री अवरेचे दाणे भिजत घातले होते ते चांगले टोपलंभर निघाले. आमच्याकडे भिजलेला दाणा चिमटीत दाबून सालातून टुपकन बाहेर काढतात आणि हे काम एकट्याने करायचं नसतं. घरातलं झाडून सगळं माणूस जमिनीवर बसतं, मधे टोपलं, आणि घराचे सगळे निकाल तिथेच लागतात. लग्नं ठरतात, भांडणं मिटतात, नवी सुरू होतात. त्या दिवशी आमच्यात विहीणबाई होत्या. सुनेची आई, शैलाताई. पुण्याच्या. शाळेत पी.टी.च्या बाई होत्या आणि निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी पाठीचा कणा अजून प्रार्थनेला उभा असल्यासारखा. दर जानेवारीत लेकीकडे, म्हणजे प्रसादच्या बोम्मसंद्राजवळच्या फ्लॅटवर महिनाभर येतात, त्यातले तीनचार दिवस आमच्याकडे. मला त्यांची जरा धास्तीच. त्या माझं कन्नडमिश्रित मराठी ऐकून हसत नाहीत, पण भुवया हसतात.

दहा-चाळीसला दीपाचा फोन. "आंटी, एकच जागा राहिलीय. आत्ता कन्फर्म करा, पैसे पाठवा."

मी कॅलेंडरकडे पाहिलं. शुक्रवार, साडेदहा ते बारा राहुकाळ. आमच्याकडे राहुकाळात कुणी नवी काडेपेटीसुद्धा फोडत नाही. लहानपणापासून अंगात भिनलेलं. मी म्हटलं, "दीपा, बारा वाजता करते."

"आंटी, थांबणार नाही कुणी."

"सव्वा तासाचा तर प्रश्न आहे गं."

आणि ह्यांनी, महिनाभरात पहिल्यांदा, माझी बाजू घेतली. "सरी, सरी, बरोबर आहे, राहुकाळात नकोच."

बारा वाजून एक मिनिटाने मी फोन लावला. जागा साडेअकरालाच गेली होती.

एका सेकंदाचे पाच तुकडे करून त्यातला एक मागे पडतोय का पुढे, हे कान लावून सांगणारी बाई मी! आणि मी घड्याळाकडे बघत ऐंशी मिनिटं हातावर हात ठेवून बसले होते. कपाळावर हात मारून घेतला. टोपल्यापाशी जाऊन बसले आणि अवरे दाबायला लागले, तर डोळ्यांतून घळाघळा पाणी. हे म्हणाले, "बघ, योग नव्हता." तेव्हा जर माझ्या हातात दाण्याऐवजी दगड असता तर काय झालं असतं देव जाणे. आता या जन्मात मी टाकीच बघणार, एवढंच मनात.

समोर विहीणबाई दाणे दाबत होत्या. पहिलीच वेळ, त्यांचा प्रत्येक दाणा बंदुकीच्या गोळीसारखा सुटत होता. एक ह्यांच्या कपाळावर बसला, एक देव्हाऱ्यात गेला. त्यांनी मला थोडा वेळ रडू दिलं. मग म्हणाल्या, "दुसरा तंबू लावता येत नाही का त्यांना? विचारा की."

"एकटीसाठी कोण लावणार?"

"एकटीसाठी कशाला? मी येते."

हे दाणा दाबायचे थांबले. मीही.

"विहीणबाई, तिथे सिंह आहेत," हे म्हणाले.

"असू देत. मी तीस वर्षं सातवी ब सांभाळलीय." मग त्या माझ्याकडे वळल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मैदानावरचा वाटला नाही. "मालतीताई, शाळेचं मैदान केवढं होतं माहितीये? या टोकाला शिट्टी वाजवली की त्या टोकाच्या भिंतीवर आपटून परत यायची. सगळीकडे चुन्याच्या रेषा. रेषेबाहेर पाय गेला की बाद. मलासुद्धा एकदा रेषा नसलेलं मैदान बघायचंय हो."

मी त्यांचा हात धरला. दोघींचे हात अवरेच्या सालींनी बुळबुळीत झालेले.

दीपाने तिकडच्या कॅम्पवाल्यांना विचारलं. दोघी असाल तर बघतो, सोमवारी कळवतो, असं उत्तर आलं. शनिवार-रविवार आम्ही दोघी घरातल्या घरात वाघिणीसारख्या फिरत होतो. विहीणबाई लेकीकडे परतल्याच नाहीत. मी चटणीपुडी किती न्यायची याचा विचार करत होते आणि त्या मेतकुटाचा. जागा मिळालेली नाही आणि जेवणावरून आमचं भांडण सुरू! हे पेपराआडून म्हणाले, "आफ्रिकेला सांगून ठेवा, तुम्ही दोघी येताय म्हणून."

सोमवारी सकाळी सात-पन्नासला मेसेज आला. तंबू आहे. साडेआठपर्यंत कळवा, नंतर दुसऱ्या गटाला देऊ.

सोमवार, साडेसात ते नऊ, राहुकाळ.

स्वयंपाकघरात चहा उकळत होता. हे कॅलेंडरापाशी उभे होते, मी टेबलापाशी, विहीणबाई दारात. ह्यांच्या तोंडावर काय होतं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं. राहुकाळाचं भय नव्हतं ते. "अगं, स्वल्प थांब," हे म्हणाले, "नऊ वाजू देत. मी... मी एवढे दिवस एकटा कधी राहिलोय?"

आलं एकदाचं बाहेर. महिनाभर सिंहाच्या आणि सापाच्या मागे दडलेलं होतं ते हे. एकोणचाळीस वर्षांचा संसार आहे, दगड थोडीच आहे मी? पण मला हेही कळत होतं की आत्ता मी "जाऊ का?" म्हटलं तर हे "जा" म्हणतील, आणि ते ‘जा’ ह्यांचं असेल, माझं असणार नाही.

"अहो, गॅस बंद करा, चहा उतू जाईल," मी म्हणाले. आणि फोन उचलला. "दीपा, आम्ही येतोय. दोघी. पैसे आत्ता पाठवते."

आठ वाजून चार मिनिटं. भर राहुकाळात. विहीणबाईंनी पर्समधून खरोखरची शिट्टी काढली आणि अशी वाजवली की खालच्या मजल्यावरचे अण्णा धावत वर आले.

मग काय विचारता! जानेवारी संपेपर्यंत आमच्या घराला वेड लागलं होतं. विहीणबाई मला पहाटे मैदानात नेऊन चालवायच्या, "गुडघे वर, मालतीताई, गुडघे वर!" छोट्या विमानात मऊच पिशव्या चालतात म्हणून मी जुन्या पडद्याच्या दोन पिशव्या शिवल्या, पक्क्या, दुहेरी टाक्याच्या. गल्लीतल्या बायका विचारायला यायच्या, अक्का, खरंच जाताय? खरंच जातेय गं, खरंच! हे पहिले आठ दिवस पेपराआड बसून होते. नवव्या दिवशी वही घेऊन माझ्यामागे उभे राहिले आणि म्हणाले, "आमटीत मीठ कधी घालायचं, सांग." हंगाम संपायच्या आत ह्यांना अवरेची आमटी यायला लागली. पहिल्या दिवशी ती अगदी पाणी होती. मी दोन वाट्या प्याले.

मेमध्ये निघालो तेव्हा हे विमानतळावर सोडायला आले. मीच जोडलेलं घड्याळ ह्यांच्या मनगटावर कायम असतं. त्या दिवशी मनगट रिकामं होतं. विचारलं तर खिशावर हात ठेवून म्हणाले, "वेळ बघायची नाही आज." मी तिथेच, सगळ्यांसमोर, ह्यांचा हात धरून उभी राहिले. विहीणबाईंनी तोंड फिरवलं आणि बॅगांना शिस्तीत उभं केलं.

काय काय सांगू? मोजून चौतीस हत्ती नदीत उतरताना पाहिले. गोरखचिंचेचं एक झाड पाहिलं, आमचं अख्खं स्वयंपाकघर त्याच्या बुंध्यात मावलं असतं. झेब्र्यांची रांग पाहिली, टीव्हीत नव्हता तो आवाजही ऐकला, कुत्र्याच्या पिल्लासारखं काहीतरी भुंकतात ते. पहाटे गारठ्यात मीरकॅटच्या बिळांपाशी नेऊन बसवलं. मुंगसासारखे प्राणी, उन्हाकडे पोट करून उभे राहतात. आणि पहारा करायला उंच जागा लागते म्हणून त्यातला एक सरळ विहीणबाईंच्या मांडीवर, तिथून खांद्यावर, तिथून डोक्यावर चढला. आयुष्यभर दुसऱ्यांना "हलू नका" सांगणारी ती बाई दहा मिनिटं हलली नाही. "काढू का?" मी हळूच विचारलं. ओठ न हलवता त्या म्हणाल्या, "खबरदार!" त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, आमचा वाटाड्या काबो जीप घेऊन मैदानाच्या अगदी पोटात शिरला आणि त्याने इंजिन बंद केलं. खाली उतरलो. पायाखाली मिठाचा पापुद्रा कुरकुरला. चारी बाजूंना पांढरं. कुठे रस्ता नाही, पाऊलवाट नाही, चाकाची खूण नाही. आभाळ चारी बाजूंनी जमिनीला टेकलेलं. लांब म्हणजे काय असतं ते मी आत्ता बघत होते, आणि ते संपतच नव्हतं.

काबो म्हणाला, "आता प्रत्येकीने एकटीने चालत जायचं. पंधरा मिनिटं. मी इथेच आहे."

"कुठल्या बाजूला?" मी विचारलं.

तो हसला. "तुम्हीच ठरवा."

मी सवयीने विहीणबाईंकडे वळले. त्या केव्हाच निघाल्या होत्या, हात हलवत, गुडघे वर उचलत, सरळ सूर्याच्या दिशेने. बाकीच्याही पांगल्या. मी एकटीच उभी राहिले. पुढे पाहिलं, मागे पाहिलं. मग डावीकडे वळले आणि चालायला लागले. डावीकडेच का, हे मला कुणीही विचारलं नाही.